बोलविता धनी कोण? एससीओ खटला आणि संशयाची मर्यादा



आज बोलायचं आहे ते एका कोर्टाच्या खटल्याबद्दल. अमेरिकेतल्या युटा राज्यात मार्च २००३मध्ये तो दाखल झाला आणि शेवटची तडजोड झाली २०२१मध्ये. म्हणजे अठरा वर्षं. वादी होती एससीओ ग्रुप नावाची एक लहान कंपनी आणि प्रतिवादी होती आयबीएम. भांडण होतं संगणकाच्या एका प्रणालीच्या मालकीवरून. पण ज्यांनी हा खटला त्या काळात जवळून पाहिला, त्यांच्यापैकी अनेकांच्या तोंडी तिसरंच नाव होतं, ते म्हणजे मायक्रोसॉफ्ट. बोलते आहे एससीओ, बोलविता धनी मात्र निराळा आहे, असं लोक म्हणत होते.

आता हा संशय खरा होता का? कितपत खरा होता? आणि खरा असला तर त्यानं खटल्याच्या गुणदोषांत काही फरक पडतो का? हे तीन प्रश्न वेगवेगळे आहेत. चर्चेत ते एकमेकांत मिसळतात, आणि मिसळले की गोंधळ होतो. आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, तेव्हा आमचं काम एवढंच की हे धागे सुटे करून तुमच्यापुढे ठेवायचे. न्यायदर्शनात सोळा पदार्थ सांगितले आहेत. त्यांत संशय तिसरा आहे आणि निर्णय नववा. मधे बरीच वाट चालायची असते, हे त्या क्रमावरूनच दिसतं.

आधी थोडा इतिहास. युनिक्स नावाची संगणकप्रणाली १९६९च्या सुमारास एटी अँड टी कंपनीच्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत जन्माला आली. विद्यापीठांत, बँकांत, टेलिफोनच्या जाळ्यात ती पसरली. १९९३मध्ये एटी अँड टीकडून तिचा व्यवसाय नॉव्हेल या कंपनीनं घेतला. १९९५मध्ये नॉव्हेलनं तो सँटा क्रूझ ऑपरेशन या कंपनीला विकला. २००१मध्ये त्या कंपनीचा संबंधित भाग कॅल्डेरा नावाच्या कंपनीकडे आला, आणि २००२मध्ये कॅल्डेरानं आपलंच नाव बदलून एससीओ ग्रुप ठेवलं. घराचा सातबारा जसा चार हातांतून फिरतो आणि दर फेरफाराच्या वेळी एखादी ओळ मागंपुढं होते, तसंच हे. ही १९९५ची विक्री लक्षात ठेवा. पुढे सगळं तिच्यावरच येऊन ठेपणार आहे.

दुसरीकडे १९९१मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं लिनक्सचं काम सुरू केलं. वागणुकीत युनिक्ससारखी, पण नव्यानं लिहिलेली ही प्रणाली जीपीएल या परवान्याखाली खुली होती. कोणीही घ्यावी, वाचावी, बदलावी, वाटावी. अट अशी की पुढे देताना तेच स्वातंत्र्य पुढच्यालाही द्यायचं. जगभरचे हजारो लोक तिच्यावर काम करू लागले. मग मोठ्या कंपन्याही उतरल्या. २००१मध्ये आयबीएम लिनक्सवर सुमारे एक अब्ज डॉलर खर्च करत होती. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी लिनक्सला चक्क कॅन्सरची उपमा दिली होती. लिनक्समुळे कोणाच्या पोटात दुखत होतं, हे काही गुपित नव्हतं.

अशा वेळी, मार्च २००३मध्ये, एससीओनं आयबीएमवर एक अब्ज डॉलरचा दावा लावला. म्हणणं असं, की आमच्या युनिक्समधल्या गोष्टी करार मोडून आयबीएमनं लिनक्समध्ये घातल्या. पुढे मागणी पाच अब्जांवर गेली. त्या मे महिन्यात एससीओनं सुमारे १,५०० मोठ्या कंपन्यांना पत्रं धाडली: लिनक्स वापरत असाल तर तुम्हीही जबाबदार ठरू शकता. ऑगस्टमध्ये दरही जाहीर झाला, एका प्रोसेसरमागे ६९९ डॉलर. २००४मध्ये ऑटोझोन आणि डेमलरक्रायस्लर या कंपन्यांवर म्हणजे थेट वापरणाऱ्यांवरच दावे झाले. कोणती ओळ चोरली, ते मात्र नीट सांगितलं जात नव्हतं. साप साप म्हणून भुई धोपटणं चालू होतं, पण भुई धोपटली तरी लोक घाबरतातच ना.

बरं, संशय आला कुठून? इथं आम्हाला मीमांसकांचा देवदत्त आठवतो. तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. देवदत्त धष्टपुष्ट आहे, पण दिवसा कधी जेवताना दिसत नाही. त्याअर्थी तो रात्री जेवत असला पाहिजे. या ज्ञानाला मीमांसक अर्थापत्ती म्हणतात आणि तिला स्वतंत्र प्रमाण मानतात. नैयायिक तिला अनुमानातच जमा करतात. तो वाद बाजूला ठेवू.

एससीओ हा असाच देवदत्त होता. २००२च्या आर्थिक वर्षात कंपनीला सुमारे अडीच कोटी डॉलरचा तोटा झाला होता. तिच्या मालाची मागणी घटत होती. आणि ही कंपनी जगातल्या एका बलाढ्य उद्योगाशी, देशातल्या नामवंत वकिलांना घेऊन, लांबलचक खटला लढत होती. तिचा शेअर खटल्याआधी दोन डॉलरच्या आसपास होता, तो ऑक्टोबर २००३पर्यंत वीस डॉलरच्या घरात गेला. लोक विचारू लागले, हा रात्री जेवतो कुठं?

उत्तराचे तुकडे एकेक करून बाहेर आले. ते क्रमानं पाहू.

पहिला तुकडा मे २००३मधला. कंपन्यांना पत्रं गेली आणि काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टनं एससीओकडून युनिक्सचा परवाना घेतल्याचं जाहीर झालं. या परवान्याची एकूण रक्कम दीड कोटी डॉलरहून अधिक होती, हे पुढे कागदोपत्री आलं. दुसरा तुकडा ऑक्टोबर २००३मधला. बेस्टार कॅपिटल या गुंतवणूक संस्थेच्या पुढाकारानं एससीओत पाच कोटी डॉलर आले. त्यांतले दोन कोटी बेस्टारचे आणि तीन कोटी रॉयल बँक ऑफ कॅनडाचे. तिसरा तुकडा मार्च २००४मधला. मुक्त-स्रोत चळवळीतले एरिक रेमंड यांनी एससीओच्या एका बाहेरच्या सल्लागाराचा ईमेल प्रसिद्ध केला. बेस्टारचा व्यवहार धरून मायक्रोसॉफ्टमुळे एससीओकडे ८.६ कोटी डॉलर येतील, असा त्यात हिशेब होता. एससीओनं ईमेल खरा असल्याचं मान्य केलं, पण सल्लागाराचा समज चुकीचा होता असं सांगितलं. त्याच सुमारास बेस्टारकडून असं सांगण्यात आलं, की एससीओकडे पाहा असं मायक्रोसॉफ्टनं सुचवलं होतं, पैसे मात्र मायक्रोसॉफ्टचे नाहीत.

चौथा तुकडा सर्वांत महत्त्वाचा, कारण तो शपथेवरचा आहे. २००६मध्ये आयबीएमनं बेस्टारच्या प्रमुखांचं प्रतिज्ञापत्र कोर्टात सादर केलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. मायक्रोसॉफ्टच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यानं आपल्याशी बोलणी केली. एससीओला आणि तिच्या खटल्याला बळ मिळावं ही मायक्रोसॉफ्टची इच्छा होती, पण आयबीएमवर किंवा लिनक्सवर आपण हल्ला करतो आहोत असं दिसायला नको होतं. गुंतवणूक बुडाली तर काही प्रकारे पाठीशी राहण्याबद्दलही बोलणं झालं. पैसे गुंतवून झाल्यावर मात्र मायक्रोसॉफ्टनं फोन उचलणं बंद केलं. यावर मायक्रोसॉफ्टचं म्हणणं, अशी कोणतीही हमी दिलेलीच नव्हती.

दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून गोळी झाडणं आपल्याला नवीन नाही. तेव्हा एवढं ऐकल्यावर 'पाणी मुरतंय' असं कोणालाही वाटेल, आम्हालाही वाटतं. पण वाटणं आणि ठरणं यांत अंतर असतं. म्हणून संशयाच्या पायऱ्या पाडू या.

पहिली पायरी: खटल्याचा फायदा मायक्रोसॉफ्टला होत होता. यात वाद नाही. पण फायदा म्हणजे कर्तृत्व नव्हे. पाऊस पडला की छत्रीवाल्याचा फायदा होतो, म्हणून पाऊस त्यानं पाडला असं कोणी म्हणत नाही. दुसरी पायरी: मायक्रोसॉफ्टचे पैसे एससीओकडे गेले. हेही निश्चित, पण ते परवान्याचे म्हणून, उघडपणे. इथं एक बारकावा आहे. युनिक्सशी जुळवून घेणारी उत्पादनं मायक्रोसॉफ्ट स्वतः विकत होती, आणि पुढे न्यायालयानं हा करार तपासला तेव्हा त्यात प्रामुख्यानं एससीओच्या मालकीच्या युनिक्सवेअरचे हक्क आहेत असा निष्कर्ष काढला. शिवाय सन मायक्रोसिस्टिम्सनंही त्याच काळात परवाना घेतला होता. म्हणजे व्यवहाराला एक सरळ स्पष्टीकरणही उपलब्ध होतं. तिसरी पायरी: गुंतवणूकदाराची गाठ मायक्रोसॉफ्टनं घालून दिली. हे गुंतवणूकदारानंच सांगितलं, नंतर शपथेवर सांगितलं. आम्ही हे बऱ्यापैकी प्रस्थापित मानतो. चौथी पायरी: मायक्रोसॉफ्टनं हमी दिली, किंवा खटल्याची आखणीच केली. हमीबद्दल बोलणं झालं असं एक बाजू म्हणते, हमी दिली नाही असं दुसरी. आणि खटला मुळात मायक्रोसॉफ्टच्या सांगण्यावरून लावला, याचा पुरावा कुठल्याही कोर्टापुढे सिद्ध झालेला नाही.

देवदत्ताकडे परत जाऊ. अर्थापत्तीनं इतकंच कळतं, की तो रात्री जेवतो. कोणाच्या स्वयंपाकघरात जेवतो, हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी वेगळा पुरावा लागतो. आणि समजा घरही सापडलं, तरी यजमानानं देवदत्ताला दिवसा काय काम सांगितलं आहे, हा आणखी पुढचा प्रश्न. तिसऱ्या पायरीवरून चौथीवर उडी मारली की सुतावरून स्वर्ग गाठल्यासारखं होतं.

ही उडी किती फसवी असते, ते पाहायचं तर आरसा फिरवून पाहा. एससीओचे प्रमुख डार्ल मॅकब्राइड हेही संशयच घेत होते. त्यांचं म्हणणं, आमच्यावर चहूकडून जे हल्ले होत आहेत त्यांच्यामागे आयबीएम आहे. आणि त्यांच्याही हाताशी एक आकडा होता. नोव्हेंबर २००३मध्ये नॉव्हेलनं सुसे ही लिनक्स कंपनी घेण्याचं जाहीर केलं, आणि त्याच वेळी आयबीएमनं नॉव्हेलमध्ये पाच कोटी डॉलर गुंतवत असल्याचं सांगितलं. हीच नॉव्हेल एससीओच्या मालकीला आव्हान देत होती. म्हणजे एका बाजूला पाच कोटी, दुसऱ्याही बाजूला पाच कोटी! पैसा दिसला की सूत्रधार सापडला, हा न्याय लावायचा तर दोघांनाही लावावा लागेल. आयबीएमची गुंतवणूक उघड होती आणि तिला व्यापारी कारण होतं, हा फरक मान्य. पण तो फरक दाखवायला पुन्हा कागदपत्रांकडेच जावं लागतं. नुसता संशय दोन्हीकडे सारखाच धावतो.

या कथेत आणखी दोन गाठी आहेत, आणि त्या सोप्या गोष्टी सांगणाऱ्यांना अडचणीच्या आहेत. एससीओ ग्रुपचं आधीचं रूप असलेली कॅल्डेरा मुळात लिनक्स विकणारी कंपनी होती. शिवाय १९९६मध्ये कॅल्डेरानं डीआर-डॉस या प्रणालीवरून मायक्रोसॉफ्टवरच खटला भरला होता, आणि २०००मध्ये मोठी रक्कम घेऊन तो मिटवला होता. दुसरी गाठ वकिलांची. एससीओची बाजू डेव्हिड बॉईस यांच्या फर्मनं लढवली. मायक्रोसॉफ्टच्या मक्तेदारीविरुद्धच्या गाजलेल्या खटल्यात अमेरिकी सरकारचे वकील होते ते हेच बॉईस. यामुळे संशय खोटा ठरतो असं नाही. कालचा वैरी आज उपयोगी पडू शकतो. पण इतिहासातली माणसं कोणाच्या तरी हातातली बाहुली म्हणूनच वागतात, असं गृहीत धरता येत नाही. त्यांना स्वतःचीही हाव असते, स्वतःचीही गणितं असतात.

मग खटल्याचा निकाल कशावर लागला? मायक्रोसॉफ्टवर नाही, तर १९९५च्या त्या विक्रीखतावर. सँटा क्रूझकडे पूर्ण किंमत मोजायला पैसे नव्हते. म्हणून नॉव्हेलनं जुन्या परवान्यांच्या उत्पन्नाचा मोठा वाटा स्वतःकडे ठेवला होता, आणि वगळलेल्या मालमत्तेच्या यादीत कॉपीराइटही घातले होते. १९९६मधल्या एका दुरुस्तीनं त्यात संदिग्धता आली, म्हणून वाद लांबला. ऑगस्ट २००७मध्ये न्यायाधीश डेल किंबॉल यांनी निर्णय दिला की कॉपीराइट नॉव्हेलचेच आहेत. पुढच्याच महिन्यात एससीओ दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी गेली. अपिलात प्रकरण परत आलं, आणि मार्च २०१०मध्ये ज्युरीनंही नॉव्हेलच्याच बाजूनं कौल दिला. ज्या घरात चोरी झाली म्हणून आरडाओरडा चालला होता, ते घरच फिर्यादीच्या नावावर नव्हतं.

चोरीचंही बघा. २००५मध्येच किंबॉल यांनी नमूद केलं होतं, की एससीओचे जाहीर आरोप आणि कोर्टापुढचा पुरावा यांत थक्क करणारी तफावत आहे. २००६मध्ये दंडाधिकारी न्यायाधीश ब्रूक वेल्स यांनी आरोपांच्या यादीतला मोठा भाग तपशिलाअभावी काढून टाकला. त्यांनी दिलेला दाखला मार्मिक आहे. एखाद्याला दुकानाबाहेर चोर म्हणून पकडलं, तर काय चोरलं ते त्याला सांगावं लागतं. दुकानातल्या सगळ्या मालाची यादी हातात ठेवून 'यातच कुठंतरी आहे, तूच शोध' असं म्हणून चालत नाही.

शेवटी २०२१मध्ये आयबीएमनं दिवाळखोर कंपनीच्या विश्वस्ताला १ कोटी ४२ लाख ५० हजार डॉलर देऊन उरलेले दावे मिटवले. सुरुवातीची मागणी अब्जांची होती.

आता कोणी म्हणेल, दावा त्याच्या गुणदोषांवरच पडला, तर पाठीराखा कोण होता याला महत्त्वच काय? इथं आम्ही थांबायला सांगू. हेतू वाईट आहे म्हणून दावा खोटा ठरत नाही, हे तर्कशास्त्र बरोबरच आहे. पण खटला हे सत्यशोधनाचं साधन असतं तसंच ते दबावाचंही साधन असतं. हरणारा खटलासुद्धा हरेपर्यंत आपलं काम करत राहतो. त्या वर्षांत एखाद्या कंपनीतल्या संगणक विभागाच्या प्रमुखाला लिनक्स घ्यावं असं मनातून वाटत असलं, तरी वरिष्ठांपुढे 'उद्या आपल्यावर दावा आला तर?' या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. विकणाऱ्या कंपन्यांना ग्राहकांना संरक्षणाची हमी द्यावी लागली. वर्षानुवर्षं मेहनत करून खुलं काम वाटणाऱ्या प्रोग्रामरांना चोर ठरवलं गेलं. ज्याला एवढंच साधायचं आहे, त्याला खटला जिंकण्याची गरजच नसते. लांबला तरी पुरे.

म्हणूनच दुसऱ्याच्या खटल्याला पैसा पुरवण्याकडे कायद्यानं फार पूर्वीपासून संशयानं पाहिलं आहे. इंग्लंडमध्ये तो गुन्हा होता, १९६७मध्ये तो रद्द झाला. भारतात तो इंग्रजी नियम जसाच्या तसा लागू नाही, असं प्रिव्ही कौन्सिलनं १८७६मध्येच राम कुमार कुंडू प्रकरणात ठरवलं. गरजवंताला कोणी न्यायासाठी पैसा दिला तर ते चांगलंच आहे, असं त्यामागचं धोरण. मात्र करार पिळवणुकीचा असेल किंवा इतरांना छळण्यासाठी असेल, तर कोर्टानं तो मानू नये. आणि आपल्या महाराष्ट्राचं इथं एक वैशिष्ट्य आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २५मध्ये नियम ३ ही मुंबईची दुरुस्ती आहे. वादीनं दाव्यातल्या मालमत्तेचा हिस्सा देऊन कोणाकडून खर्चाची सोय केली असेल, तर कोर्ट त्या पैसे देणाऱ्याला खटल्यात पक्षकार करू शकतं आणि प्रतिवादीच्या खर्चासाठी त्याच्याकडून तारण मागू शकतं. थोडक्यात, पडद्यामागच्या माणसाला रंगमंचावर बोलवायचं आणि खर्चाची जबाबदारी घ्यायला लावायची.

फार शहाणपणाची तरतूद आहे. पण एससीओसारख्या प्रसंगी ती पुरेल का? ती पकडते ती हिस्सा मागणाऱ्याला. ज्याला हिस्सा नकोच आहे, ज्याला फक्त खटला चालू राहायला हवा आहे, तो तिच्या जाळ्यातून निसटतो. तो परवाना विकत घेईल, कोणाची तरी ओळख करून देईल, एखादा शब्द देईल आणि नंतर फोन उचलणार नाही. यातली एकेक कृती कायद्याला धरूनच असेल. अमेरिकेतल्या त्या प्रकरणातही बेस्टारच्या प्रमुखांचं प्रतिज्ञापत्र पुढे आलं ते खटला सुरू झाल्यानंतर तीन वर्षांनी. तोवर भीतीनं तिचं काम करून घेतलं होतं.

तेव्हा आमचं सांगणं इतकंच. 'यामागे कोण आहे?' हा प्रश्न विचारणं गैर नाही, तो विचारायलाच हवा. पण तो विचारायचा तो खर्च कोण उचलतं आणि जबाबदारी कोण घेतं हे उघड व्हावं म्हणून, लवकर आणि कोर्टाच्या चौकटीत. मूळ दावा खरा की खोटा, हे त्या प्रश्नानं ठरत नाही. ते विक्रीखत वाचूनच ठरवावं लागतं. ज्यांनी २००३मध्येच चिकाटीनं जुने करार उकरून वाचले, त्यांनी लिनक्सची बाजू जितकी सांभाळली तितकी सूत्रधाराच्या नावानं बोटं मोडणाऱ्यांनी सांभाळली नाही.

आणि एक प्रश्न तुमच्यासाठी ठेवतो. आदेश २५च्या नियमात 'हिस्सा घेणारा' या शब्दांऐवजी 'फायदा होणारा' असे शब्द घातले, तर चालेल का? आम्हाला त्यात धोका दिसतो, कारण मग त्या छत्रीवाल्यालाही पक्षकार करावं लागेल. पण हिस्सा न घेता मदत करणाऱ्याला मोकळं सोडणंही पटत नाही. यावर तुमचं मत ऐकायला आवडेल. चला, आता प्रश्नोत्तरांकडे वळू.